मोहिनीविद्या मंडळाचा निवाडा

सन चौतीसमध्ये नागपुरात मोहिनीविद्येचे, म्हणजे माणसाला निजवून बरं करण्याच्या विद्येचे, पाच जाणकार होते, आणि पाचांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. नियम अकरा. जाड कागदावर छापून, काचेत मढवून धरमपेठेत अध्यक्ष बाबारावांच्या दिवाणखान्यात टांगलेले. तिसरा नियम असा, की रोगी निद्रेत जे बोलेल ते उपचारकाच्या पोटातच राहील. नववा असा, की सभासदाविरुद्ध तक्रार आल्यास चौकशीला बाहेरचा एक सद्गृहस्थ बसवावा. शाळेत मराठी शिकवणारा आणि राममंदिरातलं एकही कीर्तन न चुकवणारा मी त्यांना सोयीचा सद्गृहस्थ वाटलो. बुवांपुढे डोलणारा माणूस आपल्यापुढेही डोलेल, असा त्यांचा अंदाज असावा.

तक्रार अनुसयाची होती. इतवारीमागच्या कोष्ट्यांच्या आळीतली ही सून. तान्हं पोर तापानं गेलं आणि चौथ्या दिवशी मागावर बसली तर उजवा हात उचलेना. आडवं सूत नेणारा धोटा फेकताच येईना. प्रोफेसर देवरावांनी (ही पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली) तिला तीन वेळा निजवलं आणि हात सुटला. तेवढं श्रेय त्यांचं, मी नाकारत नाही. पण निजेत ती बोलून गेली, की काम उरकावं म्हणून ती पोराला अफूचा कण चाटवून झोपवत असे. देवरावांनी ते पुढच्याच व्याख्यानात तीनशे लोकांना सांगितलं. "ज्या हातानं अफू दिली, तोच हात थांबला!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं, कवडूनं, तिला घराबाहेर काढलं.

ती सासरी नांदणार की कायमची माहेरी जाणार, हे रविवारी जातीची पंचायत ठरवणार होती. अनुसयाचं मागणं एकच होतं. देवरावांनी पंचांसमोर यावं आणि म्हणावं, की हे मी बोलायला नको होतं, झोपेतल्या बोलण्यावरून कोणाला दोषी धरत नाहीत.

"मी नाव घेतलेलंच नाही," देवराव म्हणाले.

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"एक विणकर तरुणी, इतवारीमागची, उजवा हात लुळा, नुकतंच मूल गेलेलं. यात नाव कुठे आहे?"

बाबारावांनी चष्मा लावून तिसरा नियम पुन्हा वाचला. "नाव नाही. खरंच नाव नाही." बाकीच्या तिघांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांतल्या एकाला शास्त्र सुचलं. जागेपणी माणूस खोटं बोलतं, तेव्हा बाईला पुन्हा निजवून तिची तक्रार तपासावी. निजवायचं कोणी? ज्याची पकड आधी बसली आहे त्यानं, म्हणजे देवरावांनीच! पाचही माना हलल्या. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हाती फिर्यादीला बेशुद्ध करून द्यायचं, हे त्या पाच शहाण्यांना चहाचा घोट न सांडता सुचलं.

अनुसया दाराशी उभी होती. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"काहून निजू मी?" ती म्हणाली. "जागी उभी आहो ना तुमच्यासमोर. इचाराचं थे आता इचारा. बाई निजल्याबिगर तिच्याशी बोलताच येत नाही काय जी तुमाले?"

देवराव हसले. "हिला प्रतिकाराची अवस्था म्हणतात. नोंद घ्या." आणि चिटणीस ती घेऊ लागला.

बुवा एका अभंगात पाचशे माणसं रडवतात. पण एखाद्या बाईला उभं करून 'ही का रडते ते मी सांगतो' असं म्हणणारा बुवा मी पाहिलेला नाही. ज्याचं त्यानं आपलं रडणं देवाच्या पायाशी ठेवावं आणि डोळे पुसून घरी जावं. हे शिकायला विद्या लागत नाही, लाज लागते.

निवाडा झाला. नियमभंग नाही, मात्र सभासदांनी यापुढे सौम्य शब्द योजावेत. मी सही नाकारली. तेव्हा बाबारावांनी मोठ्या सौजन्यानं दाखवून दिलं, की नवव्या नियमात बाहेरचा माणूस बसवायला सांगितलं आहे, त्याचं ऐकायला नाही.

रविवारी देवराव रामटेकला व्याख्यान देत होते. पंचायतीत मीच उभा राहिलो आणि तिसरा नियम वाचून दाखवला.

"थो नियम त्याईचा," मुख्य पंच मारोतराव म्हणाले. "आमाले त्याचं काय, मास्तर?"

कवडू सुनेकडे न बघता म्हणाला, "अफू देली का नाही, येवढं सांग."

"देली," अनुसया म्हणाली. "मागावर बसावं लागे तवा देली. ताप आला त्या रोजी नाही देली. इश्वास ठेवा नाही तं नोका ठेवू."

मागून सासू उठली. रुख्माबाई आजवर पंचायतीत कधी बोलल्या नव्हत्या.

"अफूची डबी तिले म्याच देली होती," त्या म्हणाल्या. "हिचा नवरा, माहा मुकुंदा, तान्हा होता तवा त्याले बी त्याच डबीतली चाटवली म्या. पोरगं निजलं तवा तं तुमचे लुगडे-धोतरं इनून झाले. या आळीत कोन्त्या मायनं नाही देली, सांगा? तिले काढता तं मले बी काढा."

मारोतराव आपल्या पायांकडे बघू लागले. त्यांचीही आई याच आळीतली होती.

"पोरीले घरी न्या," ते हळूच म्हणाले.

"चाल वं," रुख्माबाईंनी सुनेचा हात धरला.

कवडू उठला. मग त्यानं अनुसयाचं गाठोडं उचललं, काखेत मारलं आणि दोघींच्या मागून चालू लागला.