नव्या जाकिटाला कातर

घरातल्या सगळ्या कात्र्या गायब! शिलाईच्या डब्यातली, स्वयंपाकघरातली, देवघरातली इवलीशी तीसुद्धा. माझं डोकंच सणकलं. माझी नणंद सृष्टी दुपारी तीनच्या पुण्याच्या गाडीने निघणार होती. लेहच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती तिला, आणि तिच्यासाठी मी विणलेलं लोकरीचं जाकीट अजून कापायचंच होतं.

होय, कापायचं. सगळं संगमनेर मला वेडी म्हणालं तरी चालेल. दोन रंगांची नक्षी विणताना एक धागा पुढे चालतो, दुसरा मागून न्यावा लागतो. सुलट्या बाजूने गोल गोल विणत गेलं की नक्षी डोळ्यांसमोर राहते, हात झपाझप चालतो. म्हणून आधी अंगाची अखंड नळी विणायची आणि शेवटी समोरून उभी चिरायची, की झालं जाकीट. नक्षी मी सासूबाईंच्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून घेतली होती, एक ठिपका म्हणजे एक टाका. लाल लोकरीवर पांढरी कमळं अशी उठून दिसत होती की माझी मीच खूश! चिरायच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी मशीनवर टीपही मारून ठेवली होती. पण हे सगळं मोबाईलवर बघून शिकलेलं. टीप सुटली असती तर लोकरीचा नुसता गुंता हाती आला असता, आणि पोरगी बर्फात काय गुंता पांघरून बसणार?

"आई, कात्र्या कुठं ठेवल्यात?"

"आज आमावस्या हाय," माझ्या सासूबाई, लंकाबाई, शेंगा फोडत शांतपणे म्हणाल्या. "नव्या कापडाला आज कातर लावत्यात व्हय? त्यात चांगलं इनलेलं फाडायचं! उद्या काप."

"उद्या ती इथं असणार आहे का?"

त्यांनी शेंगांचं सूप आणखी जवळ ओढलं.

तेवढ्यात सृष्टीने बॅग उघडली आणि बँडेज कापायची वाकड्या टोकाची कात्री बाहेर काढली. "वहिनी, मी घालणार, मीच कापते."

मी आनंदाने टाळीच वाजवली. जाकीट पलंगावर पसरलं. सृष्टीने कात्री लावली आणि थांबली. रोज लोकांच्या जखमा बांधणारी पोरगी, पण कात्री पुढे सरकेना.

"वहिनी, बिघडलं तर?"

मी मारलेली टीप पुन्हा एकदा बोटाने चाचपली.

शेंगांचं सूप बाजूला सारून सासूबाई उठल्या. पलंगावर येऊन बसल्या आणि जाकीट दोन्ही हातांनी ताणून धरलं. "घाबरती काय? सरळ काप. मी धरते."

कर्र, कर्र करत कात्री गळ्यापर्यंत पोचली. मी कडा बघत होते. एक टाका हलला नाही! मी ओढून पाहिलं, सासूबाईंनी तर गचकन ओढलं. काही म्हणता काही सुटलं नाही. मी अक्षरशः नाचले.

सृष्टीने जाकीट चढवलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने निथळत ती आरशासमोर गिरक्या घेत होती, आणि सासूबाई मागे मागे फिरत तिची कॉलर सारखी करत होत्या. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

"लेह लई लांब हाय का गं?"

नोकरी लागल्यापासून त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. सृष्टी वळली आणि तिने आईला कडकडून मिठी मारली. दोघी हमसून हमसून रडत होत्या, मीही रडत होते, आणि रडता रडता ओरडत होते, "अगं सांभाळून, कडा अजून दुमडून शिवायच्यात!"