मला मधोमध बसायचं नाही

मी समुद्रफूल बोलतोय. फूल म्हणायची पद्धत पडली आहे म्हणून ऐकून घेतो. खरं तर मी प्राणी आहे. मला तोंड आहे, तोंडाभोवती झुबकाभर हात आहेत, पोट आहे आणि चालायला एक पाय आहे. डोळे नाहीत, मेंदूही नाही, पण त्यावाचून माझं फारसं अडलेलं नाही. बाहेरच्या बातम्या माझ्या अंगाखांद्यावर राहणारं केशरी माशांचं जोडपं आणतं. त्यांना दुसरा उद्योगच नाही.

आमचे मालक लोकांची घरं सजवून देतात. सोफा कुठे, दिवा कुठे, कुंडी कुठे हे ते ठरवतात आणि मग ती वस्तू जन्मभर तिथेच राहते. त्यांच्या पत्नी नर्स आहेत. मालक अडाणी होते असं मी मुळीच म्हणणार नाही. मला आणण्याआधी कित्येक महिने त्यांनी काचेच्या टाकीत नुसतं खारं पाणी आणि खडक ठेवले होते. पाहुणे यायचे आणि दगड बघून तोंडदेखलं कौतुक करायचे. पण रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, हे मालकांच्या अंगात मुरलेलं. पाणी स्थिरावल्याशिवाय त्यांनी मला घरात आणलं नाही. मीठ ते रोज तपासतात, पाणी आटलं की नळाचं न घालता शुद्ध केलेलंच घालतात. इतक्या शहाण्या माणसाच्या हातून मी मरता मरता वाचलो.

झालं असं, की त्यांनी मला टाकीच्या मधोमध असलेल्या उंच खडकावर बसवलं. मग दोन पावलं मागे सरकले, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "आता खोली पूर्ण झाली."

माझं काहीच पूर्ण झालं नव्हतं. त्या खडकावर पंपाचा झोत सरळ तोंडावर येत होता आणि पाय रोवायला एक फट नव्हती. आमची रीत साधी आहे. नव्या घरात गेलं की हळूहळू चालत राहायचं, उजेड, प्रवाह आणि फट मनासारखी मिळाली की बसायचं, मग वर्षानुवर्षं हलायचं नाही. मी डाव्या कोपऱ्याकडे निघालो. सकाळचा निघालेला मी संध्याकाळपर्यंत वीतभर गेलो असेन. मालक कामावरून आले, बाही वर केली, मला खडकावरून खरवडून उचललं आणि पुन्हा मधोमध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी निघालो, त्यांनी परत आणलं. असं बरेच दिवस चाललं. मीही हट्टाला पेटलो होतो, पण पाय माझा सोलवटत होता, त्यांचा नाही. मी आक्रसलो, माझा रंग उतरला. त्यावर मालकांनी दिवे वाढवले. मग भूक लागली असेल म्हणून कोळंबीचा भलामोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. तो मी यथावकाश बाहेर टाकला, तर त्यांनी त्याहून मोठा आणला. पत्नी म्हणाल्या की पेशंटला सारखं या खाटेवरून त्या खाटेवर हलवलं की तो खंगतो. मालक म्हणाले की हा पेशंट नाही, शोभा आहे.

शेवटी मी डावीकडचा नाद सोडला आणि उजवीकडे गेलो. तिथे पंपाचं पाणी ओढून घेणारं तोंड होतं आणि ते उघडं होतं. माझे हात एकेक करून आत ओढले जायला लागले. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मालक धावत आले आणि माझा पाय धरून ओढायला लागले. माझे पाय धरणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

"ओढू नका," पत्नी दारातूनच म्हणाल्या. त्या ड्यूटीवरून येत होत्या, पर्स अजून खांद्यावरच होती. त्यांनी आधी पंपाचं बटण बंद केलं. "हात बाहेर काढा. आता तो आपला आपण निघेल."

"आणि मेला तर? सगळं पाणी नासेल. मासेही जातील."

"तुम्ही सोडलंत तर जगेल."

मालकांनी हात काढला आणि ते तसेच ओल्या हातांनी टाकीसमोर फरशीवर बसून राहिले. मला त्यांची दया आली. मी सावकाश सुटलो. काही हात मात्र पंपातच गेले. पत्नींनी पंपाच्या तोंडावर स्पंज बसवला. मग मी डाव्या कोपऱ्याकडे निघालो आणि कुणीही आडवं आलं नाही. तिथे मनासारखी फट मिळाली. मी पाय आत खोचला आणि कितीतरी दिवसांनी पूर्ण फुललो. सोफ्यावरून मी दिसेना, तेव्हा मालकांनी सोफाच फिरवला. आता येणारा प्रत्येक पाहुणा दाराकडे पाठ करून, आमच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. त्यांच्या सगळ्या कामांत मला हे काम उजवं वाटतं.

परवा मी मधून फाटत गेलो आणि एकाचे दोन झालो. आमच्यात असं होतं, आणि दोन्ही मीच असतो. घरात पाळणा हलल्यासारखा आनंद झाला. मालकांचा धाकटा भाऊ लगोलग आला. त्यानेही टाकी घेतली आहे आणि त्याला एक मी हवा आहे. मालकांनी त्याला समोर बसवून नीट समजावलं. घाई करू नको, पाणी काही महिने मुरू दे, पंपाला जाळी लाव, माशांच्या आजारावरचं तांब्याचं औषध चुकूनही टाकू नको, याला ते विष आहे, असं सगळं सांगितलं. "आणि एकदा ठेवलास की हात लावू नकोस," ते म्हणाले. "तो फिरेल. फिरू दे."

माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी भावाच्या मोबाइलमध्ये त्याच्या टाकीचा फोटो पाहिला, खिशातून पेन्सिल काढली, पाकिटाच्या पाठीवर चौकोन काढला आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर फुली मारली. "फिरून फिरून तो इथे बसला, की बघ खोली कशी उठून दिसते."

वाचकहो, जाणारा मीच आहे आणि राहणाराही मीच, म्हणून निरोप अर्धाच घेतो. त्या धाकट्या भावाकडे तुमचं जाणं-येणं असेल, तर माझ्यासाठी एवढं करा. तो टाकीपाशी जाऊन उभा राहिला, की त्याच्या हातात कपबशी द्या. दोन्ही हात गुंतलेले बरे.