गुण आणि गुडघे

गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवली की माणूस बराच वेळ अडकून पडतो. वाचावं म्हटलं तर चष्म्यावर वाफ धरते, आणि गप्प बसावं तर शेजारच्या खुर्चीतला स्वतःच्या ऑपरेशनची हकिगत सुरू करतो. आमच्या व्यायामकेंद्रात यावर वकीलसाहेबांनी तोड काढली. गीतेतल्या दैवी गुणांची.

वकीलसाहेब म्हणजे वकिलीतून निवृत्त झालेले, नुकताच नवा खुबा बसवून घेतलेले गृहस्थ. त्यांनी अभय, सत्य, अक्रोध, दया असे सगळे दैवी गुण कागदाच्या कपट्यांवर लिहिले आणि हातमोज्यांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकले. दर सोमवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी उचलायची आणि तो गुण आठवडाभर पाळायचा.

"नुसतं वाचून काय होतं?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. "गुण अंगी बाणला पाहिजे."

"एका वेळी एकच ना?" मोटार चालवायला शिकवणाऱ्या दादांनी विचारलं. "मग जमेल. बाकीच्यांना सुट्टी."

त्या सोमवारी दादांना अक्रोध आला. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्या सगळ्यांच्या वहिनींना शांती आली. त्या शेक घेता घेता झोपल्या आणि गुण आपोआप साधला. वकीलसाहेबांना आलं सत्य. "चला, उतारवयात तरी ओळख झाली," असं दादा म्हणाले. आणि मला आलं अपैशुन, म्हणजे कुणाच्या पाठीमागे वाईट न बोलणं.

यावर सगळे हसले. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला हा गुण कितपत पेलेल, याची मलाही शंका होती. म्हणून मी आपल्यापुरता नियम जरा कडक केला. पाठीमागे चांगलंही बोलायचं नाही. चांगल्यापासून सुरुवात केली तरी पुढे जीभ कुठे घसरेल, याचा मला भरवसा नव्हता.

आमचे पाय ज्यांच्या ताब्यात असत त्या, व्यायाम करून घेणाऱ्या ताई माझ्या नातीच्या वयाच्या. दादा त्यांना हळूच 'फौजदार' म्हणत. त्या काही महिन्यांच्या बोलीवर लागल्या होत्या आणि बोलीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. नोकरी कायम झाली नाही तर भाड्याची खोली सोडून, आईला घेऊन मामाच्या दारात जावं लागेल, हे त्यांनी मला एकदा पाय वाकवताना सांगितलं होतं. मी ओरडू नये म्हणून त्या असं काही ना काही सांगत राहत.

बुधवारी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"काका, ताईंबद्दल एक तक्रार आलीय. फार दुखवतात म्हणे. तुमचं काय मत?"

"मी कुणाच्या पाठीमागे बोलत नाही."

"म्हणजे बोलण्यासारखं आहे?"

"तसं नाही. मी चांगलंही बोलत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "समजलो. सज्जन माणूस आहात, काका."

सज्जन म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं, की ते नेमकं काय समजले हे विचारायचंच राहिलं.

शुक्रवारी पाहतो तर ताई आपलं कपाट रिकामं करत होत्या.

"काय गं, रजेवर चाललीस?" वहिनींनी विचारलं.

"कायमचीच. उद्यापासून येऊ नका म्हणाले. दोघांचं मत विचारलं होतं म्हणे. एकानं बोलून सांगितलं, एकानं न बोलून."

वकीलसाहेब रबरी पट्टा ओढता ओढता थांबले. "मी वाईट काही बोललो नाही हं. दुखतं, हे सत्य आहे. माझी चिठ्ठीच ती होती."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं आलं असावं.

"वा!" ते म्हणाले. "एकाचं सत्य, एकाचं अपैशुन. दोन दैवी गुणांनी मिळून पोरीची नोकरी खाल्ली. मला अक्रोध आलाय म्हणून वाचलात, नाहीतर दोघांनाही याच पट्ट्यानं बांधलं असतं."

डॉक्टरांच्या दारावर टकटक करायलासुद्धा मला दोनदा विचार करावा लागतो. त्या दिवशी टकटक करायचं विसरून मी आत शिरलो आणि ताई किती चांगल्या, किती कष्टाळू, किती मायाळू आहेत ते सांगू लागलो.

डॉक्टर हसले. "काका, चिठ्ठी बदललीत वाटतं? आता दया आली का?"

खोक्याची बातमी आतपर्यंत गेलेली होती तर.

"मग त्यांनाच बोलवा," मी म्हणालो. "तोंडावर बोलतो."

ताई आल्या आणि हातात फडकं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर मला एकही गोड शब्द सुचेना. शेवटी आयुष्यभर जे केलं तेच केलं. चुका काढल्या.

"यांना मोजता येत नाही! सात, आठ, नऊ म्हणतात, मग पुन्हा नऊ, पुन्हा नऊ. दहा काही येत नाही. विचारलं तर म्हणतात, काका, तुमचं लक्ष नाही. माझं पुस्तक कपाटावर ठेवून देतात, हवं तर टाचा उचलून घ्या म्हणे. गोष्ट सांगायला लागतात, आणि ती रंगात येते तोवर पाय वाकलेला असतो! पूर्वी मी जिना बसून उतरायचो. आता उभा उतरतो, म्हणून सूनबाई दिवसातून चारदा दुकानात पिटाळते. हे कुणामुळे?"

माझा आवाज इतका चढला होता, की बाहेर वहिनींची शांती मोडली.

डॉक्टर ताईंना म्हणाले, "नऊ तीनदा?"

"नवापर्यंत काका नुसते पाय हलवतात, सर. व्यायाम त्यानंतर सुरू होतो."

"स्तुती ऐकून वाटलं, काका तुम्हाला वाचवतायत," डॉक्टर म्हणाले. "हे मात्र खरं दिसतंय. जा, कपाट परत लावा. कायमचं."

सोमवारी ताईंनी खोका उचलला, सगळे गुण वकीलसाहेबांच्या ओंजळीत ओतले आणि खोक्यात पुन्हा हातमोजे भरले.

"गुण घरी पाळायचे. इथे फक्त गुडघे."

वकीलसाहेबांनी हरकत घेतली नाही. पुढचा नंबर त्यांचाच होता.

त्याआधी माझा. आभारबिभार काही नाही. ताईंनी पाय धरला आणि म्हणाल्या, "मला मोजता येत नाही, नाही का, काका?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"सात. आठ. नऊ. नऊ. नऊ. नऊ."

एक नऊ वाढला होता. दहाचं काय झालं, हे विचारायला अभय हवं. दैवी गुणांत ते सगळ्यांत पहिलं. खोक्यातून ती चिठ्ठी माझ्या हाताला कधी लागली नाही, आणि आता तर खोक्यात हातमोजे आहेत.