हिऱ्याची पाठ

चौथ्या दिवशी राधाकिशन सोनाराने हिऱ्याच्या दागिन्याचा मेणाचा पाचवा नमुना केला आणि अर्जुनराव देशमुखांनी तोही अंगठ्याने चेपून टाकला. "न्हाई जमलं," ते म्हणाले. काय नाही जमलं, ते सांगतील तर शपथ.

चकलांब्याच्या त्या ओसरीत बसून राधाकिशनचं डोकं भणभणलं होतं. गेवराईत त्याचं स्वतःचं चांगलं दुकान होतं. पण निजामाच्या राज्यात तेव्हा मोठ्या घरची चालच अशी की, सोनाराने शेगडी-फुंकणी घेऊन त्यांच्या ओसरीत यायचं, तिथेच दागिना घडवायचा, आणि घरच्या कुणीतरी समोर बसून त्याच्या हातांवर नजर ठेवायची. इथे ते काम सटवा गड्याकडे होतं. हा बाबा पापणी लवू द्यायचा नाही. राधाकिशन पाणी प्यायला उठला, तरी मागून उठायचा.

हिरा होता अर्जुनरावांच्या बायकोचा, मुक्ताबाईचा. तिचं माहेर गेवराईचं. आईने शेवटच्या दुखण्यात गळ्यातलं हिऱ्याचं पदक काढून तिच्या हातात दिलं होतं, आणि ते पदक घडवलं होतं राधाकिशनच्याच बापाने. चांगलं वीस वर्षं लखलखत होतं. पण अर्जुनरावांनी कचेरीत हैद्राबादच्या कुण्या अंमलदाराची अंगठी पाहिली, मोकळ्या पाठीची, नुसत्या चार नख्यांनी हिरा धरलेली. झालं, खूळ डोक्यात शिरलं. पदक मोडा, तशी अंगठी करा. त्यांच्या आई कौशल्याबाई म्हणाल्या, अंगठी कशाला, नथीत बसवा. मग पुन्हा अंगठी, पण कमळाची. मग वेलाची. मग परत नख्यांची. जिचा हिरा ती दाराआड उभी होती आणि तिला कुणी विचारील तर ना.

"मालक, हिरा जुना हाय, पसरट हाय," राधाकिशनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खाली चांदीचं पान घातलंय, म्हणून ह्येला तेज हाय. पाठ मोकळी केली की गेलं. हाय त्ये कोंदण ऱ्हाऊ द्या."

"तू बापाच्याच जमान्यात बसून ऱ्हा," अर्जुनराव म्हणाले होते. त्यानंतर त्याने रोज एकदा तेच सांगितलं आणि रोज तेच उत्तर ऐकलं.

आता मात्र हुकूम सुटला. नख्याच करायच्या, हिरा काढ. राधाकिशनने दात-ओठ खात कोंदणाची कड उचलली आणि हिरा काढून कौशल्याबाईंच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. पदराने पुसला, पुन्हा धरला. धुतलेल्या काचेच्या तुकड्यासारखा फिका दिसत होता.

"ह्यो आपला न्हाई," त्या म्हणाल्या. "बदलला."

राधाकिशनच्या अंगाची लाही लाही झाली. ओसरीत निवडण-टिपण करायला आलेल्या चार बाया होत्या, त्यांचे हात जागच्या जागी थांबले. संध्याकाळपर्यंत हे चकलांबाभर होणार आणि बाजारच्या दिवशी गेवराईत पोचणार. सोनाराचं नाव एकदा असं निघालं की दुकानाची पायरी कोण चढतंय? कुलूपच लावायचं मग.

"का रं सटवा, झोपलतास का?" अर्जुनरावांनी विचारलं.

"न्हाई मालक. इकडचा डोळा तिकडं केला न्हाई."

राधाकिशनने पदकाच्या घरातून चांदीचं पान चिमट्याने उचललं, आपल्या अंगठ्याच्या नखावर पसरलं आणि कौशल्याबाईंच्या हातातला हिरा घेऊन वर ठेवला. पहिल्यासारखा लखलखला. उचलला, विझला. पुन्हा ठेवला. असं तीनदा करून दाखवलं.

"असं व्हय," अर्जुनराव म्हणाले. "मग अंगठीतबी तसाच चमकव की. पाठ तेवढी मोकळी पायजे."

चार दिवस सांगतोय ते काय भिंतीला? आणि चुकलं म्हणायला कुणाची जीभ वळेना. वर कौशल्याबाई पुटपुटल्या, "चांदीवर काचबी चमकत आसंल, कुनाला ठावं."

राधाकिशनने हिरा, चांदीचं पान आणि पदक पाटावर ठेवलं आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली. "मालक, दुसरा सोनार बघा. मला न्हाई जमायचं."

तेवढ्यात मुक्ताबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, नजर खाली. तिने पाटावरचं सगळं उचललं. हिरा निरखून बघितलासुद्धा नाही. पदक, चांदीचं पान, हिरा एका फडक्यात घालून तिने ते राधाकिशनपुढे धरलं.

"दादा, हिरा माझ्या आईनं मला दिलाय. तुमच्या वडलांनी बसवलता तसाच बसवा," ती म्हणाली. "आन हितं नगं. गेवराईला न्या, तुमच्या दुकानात करा. झालं की आना."

त्या घरातून गुंजभर सोनंही आजवर सोनाराबरोबर बाहेर गेलं नव्हतं. अर्जुनराव काही म्हणणार होते. पण बायको त्यांच्याकडे बघतच नव्हती, आणि बाया मात्र सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. ते विड्याचं पान लावत बसले.

राधाकिशनचा राग काही गेला नव्हता. त्याने फडक्याला करकचून गाठ मारली. मुंडाशाच्या पदरात त्याने फडकं खोचलं, पिशवी खांद्याला लावली आणि ओसरीची पायरी उतरला. चार दिवसांच्या सवयीने सटवा उठला आणि त्याच्या मागे निघाला.

"सटवा," मुक्ताबाई म्हणाली, "खाली बस."