एक नंबर, एक बाई

नवनीतने एका आरोग्यसंस्थेसाठी गरोदर बायकांच्या नोंदणीचं ॲप केलं, तेव्हा त्याने मोबाईल नंबर हीच बाईची ओळख धरली. एक नंबर म्हणजे एक बाई. किती सुटसुटीत! शहाद्याच्या ऑफिसात त्याने घरच्या पाच जणांचे नंबर टाकून तपासलं, सगळं व्यवस्थित चाललं आणि गडी स्वतःवरच खूश झाला. म्हसावदच्या त्याच्या घरात माणसं पाच, फोनही पाच. जगही तसंच असणार, नाही का?

तोरणमाळजवळच्या एका पाड्यात मात्र सगळ्यांत मिळून एकच फोन होता, धनसिंगचा. त्याची बायको रविना हिचं नाव त्या नंबरावर नोंदलं गेलं, आणि मग शेजारच्या जसोदाबाईचंही. ॲपने जसोदाबाईला ठेवलं आणि रविनाला गुपचूप पुसून टाकलं. नोंदलेली बाळंतपणाची तारीख जवळ आली की संस्थेची गाडी घाट चढून बाईला न्यायला यायची. ती रविनासाठी आलीच नाही. कळा सुरू झाल्यावर तिला झोळीतून घाट उतरवावा लागला. मुलगी वाटेतच, दगडधोंड्यात झाली. दोघी वाचल्या हे नशीब.

संस्थेतून फोन आला तेव्हा नवनीतने घाईघाईने सांगून टाकलं, "त्या लोकांनीच चुकीचा नंबर दिला."

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या रूपालीने ते ऐकलं. ती अहिराणीत म्हणाली, "तुन्हा घरमा पाच फोन शेतस. तठे आख्खा पाडामा एकच शे. त्या दुसरा नंबर कोठून देतीन?"

त्याचे कान तापले. दुरुस्ती दुपारपर्यंत झाली. प्रत्येक बाईला वेगळा क्रमांक, फोन फक्त निरोपापुरता, आणि जुनी नोंद विचारल्याशिवाय पुसायची नाही. एवढंच तर होतं! आधी सुचलं नाही याची त्याला लाज वाटली. फोनवर जे बोललो त्याची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी तो पाड्यात गेला. रविना बाळाला घेऊन आत निजली होती. तिची सासू मोतीबाई बाहेर आली आणि हात जोडून पावरी बोलीत बोलू लागली. धनसिंगने मराठीत सांगितलं, "आई माफी मागते, साहेब. संस्थेचा माणूस म्हणाला, आमच्या नंबरामुळे तुमचं ॲप बिघडलं."

नवनीतला तिच्याकडे बघवेना. "चूक माझी होती. तुमची काहीच नव्हती. मी खोटं सांगितलं."

धनसिंगने ते आईला सांगितलं. मोतीबाईने पुढे होऊन नवनीतच्या पाठीवरून हात फिरवला.

"आई म्हणते, तुम्ही फार मोठ्या मनाचे. आमची चूक स्वतःवर घेता."