दारातली आत्या

आभा नाशिकमध्ये लग्नाचे व्हिडिओ करते. गेल्या हिवाळ्यात ती एका रविवारी चित्रपटप्रेमींच्या मंडळात जुना कृष्णधवल सिनेमा बघायला गेली आणि भारावून परतली. पडद्यावर टेबलाशी बसलेला माणूस जितका स्वच्छ, तितकाच पार मागे जिन्यात उभा असलेला नोकरही. धूसर म्हणून काही नाहीच! पुढच्याच आठवड्यात अंबडच्या कारखान्यातल्या गोविंदरावांच्या मुलीचा, सुमेधाचा, साखरपुडा होता. आभाने ठरवलं, आपणही हेच करायचं.

त्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड अगदी बारीक ठेवावं लागतं, मग उजेड भरपूर लागतो. तिने द्वारका चौकातून चार जुने हॅलोजन दिवे भाड्याने आणले. गुरुजी घामाने निथळले. मंत्र मधेच थांबवून म्हणाले, "ताई, साखरपुडा आहे, होम नाही!"

आठवड्याने दोन्हीकडची मंडळी गोविंदरावांकडे व्हिडिओ बघायला जमली. अंगठीचा क्षण आला, पण अंगठीकडे कोण बघतंय? मागे खांबाला टेकून मधुमेही व्याही तिसरी जिलबी तोंडात कोंबत होते.

"हात धुवायला गेला होतात ना?" विहीणबाई कडाडल्या.

आभाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात गोविंदराव ओरडले, "थांबव, थांबव! दारात कोण ते?"

हॉलच्या पार टोकाला त्यांची थोरली बहीण चिमणाबाई टाचा उंचावून बघत होत्या, पदराने डोळे टिपत. आमंत्रण फोनवर दिलं, घरी येऊन नाही, म्हणून त्या रुसल्या होत्या. 'पाऊलसुद्धा टाकणार नाही,' असं त्यांनी सगळ्या भाऊबंदांना कळवलं होतं.

गोविंदरावांनी आभाला लॅपटॉपसकट गाडीत घातलं आणि थेट बहिणीचं घर गाठलं.

"ती मी नव्हेच," चिमणाबाई म्हणाल्या.

"अक्का, साडी मी घेतलेली आहे. भाऊबीजेची."

त्यांनी लॅपटॉप जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पोरगी किती गोड दिसत होती रे," आणि त्यांना हुंदका आला. गोविंदरावांनी वाकून पाय धरले. "चुकलो. लग्नाला स्वतः न्यायला येतो."

"ये. सकाळी लवकर ये." नाक पुसून त्या आभाकडे वळल्या. "आणि तू गं, कोणाला विचारून काढलंस मला?"

"मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं, आत्या."

"बरं. बसा आता, पिठलं टाकते," म्हणत त्या आत गेल्या.