कडा चढलेलं नाणं

सहा दिवस उभं राहून पायांचे तुकडे पडायचे, आणि सातव्या दिवशी सकाळी मामा पुन्हा उभेच. दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी वाळवणारे हे मामा गेले आठ महिने नाणे मंडळाच्या बैठकीला जात होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, भोवती अकरा खुर्च्या, त्यातली एक रिकामी. नियम जुना होता. टांकसाळीत चूक होऊन बाहेर पडलेलं एक तरी नाणं ज्यानं स्वतः शोधलं, स्वतः ओळखलं, त्यालाच खुर्ची. बाकीच्यांनी मागं उभं राहून पाहायचं.

"सुट्टीच्या दिवशी माणसानं पाय वर करून पडावं," बायको म्हणायची. "तिथं काय पहारा द्यायला जाता?"

"शिकायला जातो."

"शिका बापडे. येताना लंगडू नका म्हणजे झालं."

ड्रायरच्या जाळीत धाग्यांचा भुसा साठे. त्यात कुणाच्या ना कुणाच्या खिशातली नाणी सापडत, आणि मामा ती भिंगाखाली धरत. एकावर सालाचे आकडे दुहेरी दिसले, तेव्हा ते धावतच गेले होते. मंडळाचे चिटणीस म्हणजे एक म्हातारे घड्याळजी. त्यांनी नाणं उजेडात तिरकं धरलं.

"साचाच दुहेरी कोरला गेला असता, तर दुसरा आकडाही पहिल्यासारखा गोल उठला असता. हा चपटा आहे. ठोकताना साचा जरा हलला, एवढंच. तसं सर्रास होतं, ते आपण चूक धरत नाही."

दुसरं नाणं कुणीतरी हातोडीनं ठोकलेलं निघालं. तिसरं नुसतंच मळकं.

"टांकसाळीच्या आत झाली ती चूक, मामा. बाहेर झाली ती इजा. इजा झालेल्या नाण्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही."

चौथं मात्र वेगळंच होतं. आकारानं लहान, कडा जाड होऊन आत वळलेली, काठाची अक्षरं त्या कडेनं अर्धी गिळलेली. वजन किंचित कमी भरलं. नाणं ठोकण्याआधी कोऱ्या चकतीची कडा दाबून उचलतात, ती चुकून दोनदा चढवली गेली असावी, असं मामांनी भीत भीत सांगितलं. नाणं टेबलाभोवती फिरलं. घड्याळजींच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्यांनी बराच वेळ पाहून मान डोलावली आणि वहीत नोंद केली. मामा अकराव्या खुर्चीत बसले. टाचांतली कळ हळूहळू उतरत गेली. त्या दिवशी ते लंगडले नाहीत.

मंगळवारी जुना ड्रायर बंद पडला. फिटरनं पिंप उघडलं आणि आतल्या पात्याखालच्या फटीत बोटं घातली.

"मामा, तुमची तिजोरी सापडली."

तीन नाणी होती. तिन्हींचीही कडा चढलेली. मामांनी एक उचलून तिरकं धरलं.

"ही अशी कशानं होतात रे?"

"गरगर फिरून, आणखी कशानं? फटीतून सहसा बाहेर पडता येत नाही, मग आपटत राहतात वर्षानुवर्षं. हे बघा, हे अजून कच्चं आहे."

ड्रायर शुक्रवारी भंगारात गेला. आता मूग गिळून बसलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. मामांनी तसं बसून पाहिलं. भिंग हातात घ्यायचंही त्यांच्या जिवावर आलं.

रविवारी ते गेले, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि कच्च्यापासून जुन्यापर्यंत चारही नाणी ओळीनं मांडली.

"ही टांकसाळीची चूक नाही. इजा आहे. ड्रायरनं केलेली, आणि तो ड्रायर मीच चालवत होतो."

सगळे त्या ओळीवर वाकले. मग कोपऱ्यातल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे आपण दहा शहाणे चादरी वाळवायच्या मशीनकडून फसलो."

घड्याळजींनी भिंगातून चारही नाणी पाहिली. वही उघडून नोंदीवर रेघ मारली. मग पुढच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "हे कच्चं ड्रायरमध्ये किती वर्षं फिरलं असेल?"

"फिटर चारेक म्हणाला. मला तीन वाटतात. साल अजून पूर्ण वाचता येतं."

घड्याळजींनी ते लिहून घेतलं.

"पण खुर्चीचं काय?" एकानं विचारलं. "नियम तो नियम."

"त्यावर बोलू ना. वेळ लागेल." घड्याळजींनी वर न पाहता हातानं खुर्ची दाखवली. "तोवर उभे कशाला राहता, मामा? बसा."

मामा बसले. बोलणं सुरू झालं. कुणी नियमाच्या बाजूनं, कुणी मामांच्या. सगळं नीट ऐकायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण पाय सैल पडले आणि मान छातीवर आली.

"हळू बोला," शिक्षिका म्हणाल्या. "डोळा लागलाय त्यांचा."